सरळ कार्डांचे दिवस

१

संध्याकाळी सूर्य बुडाला की मी गच्चीवर जातो आणि कार्ड बदलतो. हवामान खात्यात बत्तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावरही तेच करतो, कारण दुसरं काही मला धड येत नाही. आमच्या केंद्रात स्वयंचलित यंत्रं बसली तेव्हा जुनं सामान भंगारात निघालं, त्यातला काचेचा गोळा मी रीतसर अर्ज करून मागून घेतला. मोठ्या मोसंब्याएवढा भरीव गोळा आहे. तो धातूच्या वाटीत बसवलेला, आणि वाटीच्या खाचेत एक जाड निळं कार्ड. ऊन पडलं की गोळा ते एका ठिपक्यात आणतो आणि कार्डावर जळकी रेघ उमटते. ढग आला की रेघ तुटते. कार्डावर तास छापलेले असतात, त्यामुळे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ऊन होतं ते संध्याकाळी वाचता येतं. यात बिघडण्यासारखं काहीही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कार्डं तीन तऱ्हांची असतात. उन्हाळ्याची लांब वाकडी, हिवाळ्याची आखूड वाकडी, आणि दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सरळ. सरळ कार्डं वर्षातून दोनदाच लागतात, मार्चच्या आसपास आणि पाऊस सरतो तेव्हा.

आमची बिल्डिंग पनवेलच्या जुन्या भागात, बाजाराच्या मागे. खालच्या मजल्यावरचा अविनाश सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तो रोज सकाळी मला विचारतो, "वाक्रुळकरकाका, आज पाऊस आहे का?" मी नाही म्हटलं की तो छत्री घेतो, हो म्हटलं की घरी ठेवतो. गोळ्याला तो माझं शिवलिंग म्हणतो. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस, मला राग यावा अशी त्याची अपेक्षा असते. मला येत नाही.

त्या दिवशी सप्टेंबर संपायला आला होता आणि पहाटेपासून संततधार लागली होती. एस. टी. स्टँडजवळचे रिक्षावाले हेडलाइट लावून फिरत होते, इतका अंधार. असल्या दिवशी कार्ड कोरंच निघतं, तरी बदलायचं असतं, म्हणून गेलो. कार्ड भिजून गोणपाटासारखं झालं होतं. आणि त्यावर करंगळीच्या नखाएवढा एक जळका डाग होता, नऊ आणि दहाच्या मध्ये. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नऊ चाळीस.

मी ते कार्ड खिशात घातलं, नवीन लावलं आणि खाली आलो. घरात काही सांगितलं नाही. क्षणभर ढग फाटला असेल, असं स्वतःला समजावलं. दिवसभर खिडकीत बसून मी पाऊस बघत होतो, ढग कुठेच फाटला नव्हता, हे मला माहीत होतं.

२

इलान माझा मुलगा. सहा वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. कुठे आणि कसं ते मी लिहिणार नाही, बिल्डिंगीनं ते पुरेसं चघळलेलं आहे. वेळ तेवढी सांगतो. सकाळी नऊ चाळीस.

पावसाचे चार महिने तो मागच्या खोलीत बसून होता. खाणं नाही, झोप नाही, बोलणं नाही. मी हवामानवाला. मी त्याला म्हणायचो, अरे, हे मळभ आहे, एकदा ऊन पडलं की बघ कसा टुणटुणीत होशील. आणि ऊन पडलं. त्या सकाळी तो आपण होऊन उठला, दाढी केली, दोन पोळ्या खाल्ल्या, माझ्याकडे बघून हसलासुद्धा. माझ्या बायकोनं, रेबेकानं, स्वयंपाकघरातून मला खूण केली, बघा, सुटला एकदाचा. आम्ही दोघं निर्धास्त झालो आणि आपापल्या कामाला लागलो. चार महिने त्याला एकटं सोडलं नव्हतं, ते त्या दिवशी सोडलं. त्या दिवसाचं कार्ड मी ठेवलंय. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत अखंड रेघ आहे.

आणि आता नोआ. ती चोवीस वर्षांची, इलानच्या पाठची. जूनमध्ये पुण्याची नोकरी सोडून घरी आली आणि आल्या आल्या केस कापून अगदी बारीक करून घेतले, रोज धुवायचा कंटाळा येतो म्हणून. मग आंघोळीचाही कंटाळा आला, मग उठण्याचा. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. तिला दर दुसऱ्या बुधवारी डॉक्टर रमांकडे नेत होतो.

पहिल्याच भेटीत मी डॉक्टरांना माझं पावसाळ्याचं शास्त्र ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की लोकांना वाटतं ते उलटं आहे. जगात बऱ्याच ठिकाणच्या आकड्यांत असे मृत्यू काळोखाच्या दिवसांत नाही, तर उजेड वाढत जातो तेव्हा जास्त दिसतात. का, ते पक्कं कुणालाच माहीत नाही. एक अंदाज असा की उजेडानं अंगात बळ आधी येतं आणि मन मागून सावरतं, आणि मधले दिवस वाईट. आपल्याकडच्या पावसाबद्दल त्या खात्रीनं काही सांगू शकत नव्हत्या, पण पाऊस ओसरताना त्या स्वतः जास्त सावध असतात.

निघताना मी विचारलं, आम्ही नेमकं काय करायचं.

"विचारायचं," त्या म्हणाल्या. "जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ या शब्दांत विचारायचं. विचारल्यानं नसलेलं डोक्यात येत नाही. न विचारल्यानं असलेलं तिथेच राहतं."

मी घरी आलो आणि गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. अविनाशकडची दुसरी चावीही मागून घेतली. त्यानं तोंड वाकडं केलं, पण दिली. विचारायचं काम मी रोज सकाळी चहाबरोबर करू लागलो. नोआ कधी नाही म्हणायची, कधी थोडंसं म्हणायची. थोडंसं म्हणाली की आम्ही डॉक्टरांना फोन करायचो.

३

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता आणि डाग होता. नऊ पस्तीस ते नऊ पंचेचाळीस. तिसऱ्या दिवशी आणखी थोडा लांब.

मी हिशेबी माणूस आहे, भुतांवर माझा विश्वास नाही. कारणांची यादी केली. कार्डांचा गठ्ठा जुना, त्यात आधीच वापरलेलं कार्ड मिसळलं असेल. सगळी कार्डं खिडकीशी धरून तपासली, कोरी होती. कुणीतरी गच्चीवर जाऊन काडीनं डाग पाडत असेल. चावी माझ्या खिशात होती, दुसरी माझ्या कपाटात.

चौथ्या दिवशी नवाला छत्री घेऊन मी गोळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. समोर पाण्याच्या टाक्या, पलीकडे स्टेशनकडची मोबाइलचा टॉवर, त्यापुढे सगळं राखाडी. कर्नाळ्याचा डोंगर नव्हताच. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि माझ्या पायांशी गच्चीचं गटार तुंबलं होतं. साडेनऊ झाले. मी डोळे गोळ्यावरून हलवले नाहीत. मला काहीही दिसलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण नऊ पस्तीसला जळक्या पुठ्ठ्याचा वास आला. बत्तीस वर्षं घेतलेला वास तो, मी चुकणार नाही. वाकून पाहिलं तर भिजलेल्या कार्डावर रेघ होती, आणि माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला ऊन लागत होतं.

छत्रीखाली, पावसात, रुपयाएवढ्या जागेवर ऊन. मी हात मागे घेतला. मला स्वतःचा राग आला, कारण मी घाबरलो होतो आणि घाबरण्याजोगं तिथे काहीच नव्हतं.

४

घरात मात्र सगळं सुधारत होतं. निदान एक माणूस तरी.

रेबेका सहा वर्षं घरात वावरायची ती भिंतीला धरून वावरल्यासारखी. इलान गेला तेव्हा तिनं मला सावरलं, मग जून लागल्यावर नोआला सावरायला घेतलं, आणि स्वतःचं काय हे तिला कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलंही नाही. शिक्षिका होती, तक्रार करणं तिच्या स्वभावात नव्हतं. आता सण जवळ आला तशी ती पहाटे उठायला लागली. भांडी घासून लख्ख केली, माळे झाडले. सहा वर्षं कुणाला हात लावू न दिलेलं इलानचं कपाट तिनं एका दुपारी रिकामं केलं, शर्ट घड्या करून पिशव्यांत भरले. काम करताना गुणगुणत होती. मला बरं वाटलं. मी म्हटलं, चला, एका आघाडीवर तरी सुटलो, आता सगळं लक्ष पोरीकडे.

आमच्याकडे नव्याच्या सणापासून, म्हणजे आमच्या नवीन वर्षाच्या दिवसापासून, दरफळणीपर्यंतचे दहा दिवस मन निवळायचे असतात. दरफळणी म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस. आमच्या आज्यांना हिब्रू नावं येत नसत, त्या दरफळणीचा सण म्हणत, दारं लावून घेण्याचा सण. त्या आधी सगळ्यांची क्षमा मागायची, भांडणं मिटवायची, गोरगरिबांना द्यायचं. रेबेकानं इस्राएलात, अश्दोदला, माझ्या बहिणीला फोन लावला. दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. तासभर बोलल्या, आणि फोन ठेवल्यावर बहिणीनं मला मेसेज पाठवला की वहिनी किती गोड बोलली, मला रडू आलं.

कामाला येणारी सोनाबाई करंजाड्याजवळच्या गावातली. ती एकदा भांडी पुसता पुसता घुटमळली.

"काका, वैनीनी मला पाच साड्या दिल्यान. नव्याकोऱ्या हायेत, घड्या मोडल्या नाय. आमी कुठं नेसू एवढ्या भारी? वैनीला नको का नेसायला?"

मी म्हटलं, आमच्यात सणाला देतात, घेऊन टाका. सोनाबाईनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "तुमच्यात देत असतील." आणि पुढची ताटली घेतली.

त्याच दिवशी मी मागच्या खोलीत पंखा पुसायला गेलो. त्या खोलीत ऊन येत नाही. तिची खिडकी उत्तरेला आहे आणि चार फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. पावसाळ्यात तिथे भरदुपारी दिवा लावावा लागतो. बाहेर पाऊस पडत होता आणि इलानच्या पलंगाजवळ जमिनीवर पाटाएवढं ऊन पडलं होतं. मी त्यात पाय ठेवला. फरशी गरम होती. घड्याळ बघितलं नाही, मला बघायचं नव्हतं. जमिनीवरच्या धुळीत कुणीतरी शेजारी बसून उठल्याच्या खुणा होत्या. रोज बसत असावं, असा तो भाग घासून स्वच्छ झाला होता.

नोआ इथे येऊन बसते, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी खोलीला बाहेरून कडी घातली आणि पुढचे सगळे दिवस तिच्या पाठीमागे सावलीसारखा फिरलो. ती वैतागली. एकदा म्हणाली, "पप्पा, मी बाथरूमला जातेय, येताय का?" मला ते ऐकून बरंच वाटलं, कारण चिडायला तिच्यात थोडा जीव आला होता.

५

दरफळणीच्या आदल्या दिवसाला माळमा म्हणतात. जुनी माणसं मानत की त्या संध्याकाळी घरातली गेलेली माणसं घरी येतात, दार बंद असतं तो दिवस आपल्यात राहतात, आणि शिळ्या सणाला, म्हणजे दरफळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडलं की निघून जातात. मी हे लहानपणी आजीकडून ऐकलं आणि मोठेपणी त्यावर हसलो. इलान शिळ्या सणाच्या सकाळी गेला, तेव्हापासून हसत नाही.

सूर्य बुडण्याआधी जेवणं उरकली. पाऊस थांबला होता, पण आभाळ भरलेलंच. पांढरे कपडे घातले. जेवणानंतर घरातल्यांनी एकमेकांची क्षमा मागायची असते. मी नोआसमोर बसलो, तिचे हात हातात घेतले आणि सगळं बोललो. इलानच्या वेळी चुकलो, तुझ्या वेळी चुकायचं नाही, म्हणून तुला छळतोय, माफ कर. नोआ रडली. मीही रडलो. अर्धा तास गेला असेल.

मग रेबेका आली, तिनं पदर सारखा केला आणि माझ्यासमोर वाकली. म्हणाली, माझं काही चुकलं असेल, चुकणार असेल, तर मला क्षमा करा.

चुकणार असेल. मी ते ऐकलं. कानांनी नीट ऐकलं.

"अगं, तुझं-माझं काय," मी म्हटलं, "पस्तीस वर्षांत सगळं माफच आहे." आणि सूर्य बुडत होता म्हणून कार्ड काढायला गच्चीवर गेलो. मी तिची क्षमा मागायची राहिलीच. कार्डावर पाऊण तासाची रेघ होती.

६

बाकीचे लोक सिनेगॉगमध्ये गेले. नोआला गर्दी सोसणार नाही म्हणून आम्ही घरीच राहिलो, आजीच्या काळासारखे, दारं-खिडक्या लावून. उपास, पाणीही नाही. नोआला औषधापुरतं पाणी दिलं, डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, पिठाच्या गिरणीची घरघर, अविनाशच्या घरातला टीव्ही. आत तीन माणसं पांढऱ्या कपड्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवानंतर माझा डोळा लागला. उपाशी माणसाला लागतो. जाग आली ती उष्ण वाटलं म्हणून. बोळाच्या टोकाला मागच्या खोलीचं दार होतं, आणि दाराखालून उन्हाची पट्टी बाहेर आली होती. सगळं घर काळोखात आणि त्या फटीतून दुपारसारखा पांढरा उजेड. दाराची कडी काढलेली होती.

मी चप्पल न घालता गेलो. दार बोटभर उघडं होतं. फटीतून मला समोरची भिंत दिसली, एवढीच. भिंतीवर ऊन होतं आणि उन्हात दोन सावल्या, जमिनीवर बसलेल्या, शेजारी शेजारी. एक सावली उंच, खांदे पुढे पाडून बसलेली. तसं आमच्या घरात एकच जण बसायचा. दुसरी लहान, मान थोडी वाकवलेली, तिच्या मानेवर अंबाड्याचा गोल. दोघं गाडीची वाट बघत बाकावर बसावं तशी बसली होती.

माझ्या तोंडून नोआचं नाव निघालं. ऊन विझलं. दार ढकललं तर आत काळोख होता आणि काळोखात पांढऱ्या साडीत रेबेका उभी होती. म्हणाली, हवा कोंदली होती, खिडकी बघायला आले. नोआ कुठे, मी विचारलं. तिच्या खोलीत झोपलीय की, ती म्हणाली, आणि माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "उपासानं दमलात तुम्ही."

तिचा तळहात गरम होता. मी तिच्या बाजूनं निघून गेलो आणि नोआच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलो, संध्याकाळपर्यंत. उपासानं डोक्यात आवाज होत होता, पण मी एक गोष्ट ठरवून टाकली होती. उद्या ऊन पडणार. उद्या नऊ ते दहा मी या दारातून हलणार नाही.

७

शिळ्या सणाला आभाळ धुतल्यासारखं निघालं. रेबेकानं सातला दारं-खिडक्या उघडल्या आणि घरभर ऊन शिरलं. ऑक्टोबरचं ऊन, कातडीला झोंबणारं. चार महिने बुरसलेल्या गाद्या, गोधड्या घेऊन अख्खी बिल्डिंग कामाला लागली. खालून अविनाश ओरडून सांगत होता की गच्ची उघडा हो वाक्रुळकर, लोकांचे पापड राहिलेत.

मी नवापासून नोआच्या दाराबाहेर खुर्चीत होतो. रेबेका न्हाऊन, पांढरी साडी बदलून, अंबाडा घालून आली. तिच्या हातावर इलानच्या पलंगावरची गोधडी होती. सहा वर्षं ती गोधडी हलली नव्हती.

"चावी द्या," ती म्हणाली. "गाद्या वाळत घालते."

मी चावी दिली. खिशातून काढली आणि वर न बघता दिली, कारण माझे डोळे दारावर होते. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या दाराच्या चौकटीवरच्या पवित्र वचनाच्या डबीला हात लावून बोटं चुंबली, चप्पल न घालता गेली. मला तिच्या पावलांचा आवाज आला, हलका, भराभर. पस्तीस वर्षांत ती जिने इतके भराभर चढली नव्हती. मी मनात म्हटलं, बघा, सुटली एकदाची.

नऊ तेहतीसला नोआनं दार उघडलं. डोळे चोळत बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. तिची सावली माझ्या पायांवर पडली. सावलीचं डोकं गुळगुळीत होतं. कापलेले केस, उघडी मान, अंबाडा कुठे असणार? ते मला तेव्हा दिसलं. आदल्या दिवशी भिंतीवर बघितलं तेव्हा मी बघितलं नव्हतं. साड्या, फोन, कपाट, गाणं, चुकणार असेल, सगळं मी सणाच्या खात्यात घातलं होतं. आमचा धर्मच असा की पापापासून मोकळं होणारा माणूस आणि निघून जाणारा माणूस त्या दहा दिवसांत सारखेच वागतात.

"आई कुठंय?" नोआ म्हणाली.

जिन्यात मी दोनदा पडलो. नोआ माझ्या पुढे होती, चार महिने पलंगावरून न उठलेली पोरगी दोन-दोन पायऱ्या घेत होती. गच्चीचं दार सताड उघडं. तारेवर गोधडी नीट चिमटे लावून घातलेली, चारही कोपरे सारखे. रेबेका गोळ्याच्या खांबाला टेकून खाली बसली होती, तोंड उन्हाकडे, डोळे मिटलेले. तिच्या शेजारी कुणी नव्हतं. तिच्या सावलीशेजारी होतं.

नोआनं सावल्यांकडे बघितलं की नाही मला माहीत नाही. ती सरळ जाऊन त्या रिकाम्या जागेवर बसली आणि आईचा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आई," ती म्हणाली, "तुला जीव द्यावासा वाटतो का?"

मी तिला चार महिने चहाबरोबर विचारत होतो तेच शब्द. रेबेकानं डोळे उघडले. नोआकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शाळेतल्या मुलाला बोलावं तसं शांतपणे म्हणाली, "सहा वर्षं वाटतंय. मला कुणी विचारलंच नाही."

मग ती आणखी एवढंच म्हणाली, "तो बोलावत नाही हो. नुसता बसतो. मीच त्याला सांगत होते, थांब, आवरून आले."

मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसलो. ऊन भयंकर होतं, डोकं फुटत होतं, तरी साडेदहा वाजेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही. जमिनीवर आमच्या सावल्या होत्या. किती होत्या ते मी मोजलं नाही.

त्या दिवसाच्या कार्डावर सातपासून साडेपाचपर्यंत स्वच्छ रेघ आहे. फक्त नऊ चाळीसला बोटभर जागा कोरी आहे. माझं डोकं मध्ये आलं असेल.

८

रेबेका आता डॉक्टर रमांकडे जाते, दर आठवड्याला. औषधाच्या गोळ्यांनी तिला झोप येते, स्वयंपाकात मीठ विसरते, माळे झाडत नाही. तिचं गाणं बंद झालं याचा मला आनंद होतो, हे लिहितानाही लाज वाटते. नोआ तिला नेते-आणते. डॉक्टर म्हणतात की त्या उन्हानं काही केलं नाही, माणूस सहा वर्षं आजारी होतं आणि आम्ही आभाळाकडे बघत बसलो होतो. बरोबर आहे त्यांचं. मागच्या खोलीतल्या उन्हाबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

हिवाळाभर कार्डं नेहमीसारखी निघाली. परवा मार्च लागला आणि मी पुन्हा सरळ कार्डं काढली.

काल दिवसभर ढग होते. अवकाळी, अगदी दाट. संध्याकाळी कार्डावर डाग होता. नऊ चाळीसला नाही, चार वाजून वीस मिनिटांनी. दुपारचा, दुसराच.

रात्री मला छान झोप लागली. आज पहाटे आपण होऊन जाग आली, अंग पिसासारखं हलकं. सकाळपासून मी इतक्या वर्षांच्या कार्डांचे गठ्ठे बांधतोय, सालवार, त्यांवर नीट अक्षरात चिठ्ठ्या लावतोय. एका कॉलेजला देऊन टाकायचं ठरवलंय. गोळा अविनाशला द्यावा म्हटलं, थट्टा करतो पण सांभाळील. मघाशी बहिणीला फोन केला. जेवताना मी गुणगुणत होतो, असं नोआ म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे सोनाबाईसारखं बघितलं.

आता चार वाजत आलेत. बाहेर आभाळ भरलेलं आहे आणि या कागदावर, माझ्या हाताशेजारी, रुपयाएवढं ऊन पडलंय. गच्चीची चावी मी टेबलावर काढून ठेवली आहे, स्वतःपासून लांब. नोआ बाहेरच्या खोलीत आहे. मी तिला हाक मारतो आहे.

नोआ, इकडे ये. ही चावी घे. आणि मला विचार.